केळ्याचा वास आला, पण केळे कुठे आहे?



केळीचा घड घरात पिकत ठेवला की चार-सहा दिवसांनी काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आधी कोपऱ्यात, मग ओसरीत आणि शेवटी साऱ्या घरात त्याचा वास दरवळतो. पोरे शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारतात, "आई, केळी पिकली का?" नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझरच्या माणसाला तर हा वास लहानपणापासून ओळखीचा. गावाच्या नावातच केळ आहे आणि सेलू तालुक्याचा हा पट्टा एके काळी केळीच्या बागांसाठी विदर्भात नावाजलेला होता.

आता एक नवल ऐका. केळझरपासून हजारो मैलांवर, अमेरिका खंडाच्या मध्यावरच्या समुद्रात जमैका नावाचे बेट आहे. तिथे उसाच्या मळीपासून एक प्रकारची रम गाळतात. तिचे बूच काढले की खोलीभर पिकल्या केळ्याचा आणि अननसाचा वास सुटतो. पण त्या रममध्ये केळेही नसते आणि अननसही नसतो. मग वास येतो कुठून?

तुम्ही म्हणाल, आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, गांधीजींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा, इथे रमची गोष्ट कशाला? कारणे दोन. पहिले, रम होते ती उसापासून आणि ऊस आपण पिकवतो. सेलू तालुक्यातच जामणीला साखर कारखाना उभा राहिला. आपल्या शेतातल्या मालाचे पुढे काय होते, ते शेतकऱ्याला ठाऊक असावे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बंदी असली तरी बाटली चोरवाटेने गावात येतेच. "वास बघ, एकदम फॉरेनचा माल आहे," असे म्हणून ती तरुण पोरांच्या नाकाखाली धरली जाते. तो वास काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे घरातल्या सर्वांना कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

उसातून मळी, मळीतून मद्य

एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. साखर काढून झाल्यावर जो काळा, दाट, चिकट द्रव उरतो ती मळी. एका टनामागे ती चाळीस ते पंचेचाळीस किलो मिळते. तिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते, पण ती दाणेदार होऊन बाहेर येत नाही. ही मळी पाण्यात पातळ करून तिच्यात यीस्ट सोडले की ते ही साखर खाते आणि तिचे मद्यार्क बनवते. इडलीचे वाटण रात्रभर ठेवले की फुगते, त्याच जातीचे हे काम. आंबलेले पाणी भट्टीत तापवून, वाफ थंड करून जे गाळून घेतात ती कच्ची रम. एका टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळते. म्हणजे एक टन ऊस तोडला, बांधला, गाडीत भरला, कारखान्यावर नेला, तर त्याच्या मळीतून निघते जेमतेम दहा लिटर.

हे काम आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यात एक-दीड दिवसात उरकते. उंच मनोऱ्यासारख्या यंत्रातून ते इतके शुद्ध गाळतात की शंभरात पंचाण्णव-शहाण्णव भाग मद्यार्कच राहते. त्याला स्वतःचा वास म्हणून फारसा उरत नाही. आज देशातले असे पुष्कळ मद्यार्क पेट्रोलमध्ये जाते. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत आपण पोहोचलो. मोटारीच्या इंजिनाला वासाशी काय देणेघेणे?

जमैकाच्या भट्टीवाल्याला मात्र वासच हवा असतो.

खवट लोण्याचा अननस कसा होतो

इथे थोडे रसायनशास्त्र सांगतो, पण घाबरू नका. आंबट पदार्थ म्हणजे आम्ल. आम्ल आणि मद्यार्क एकत्र आले, त्यांना वेळ मिळाला, की दोघांच्या मिलनातून एक नवा पदार्थ जन्मतो. त्याला एस्टर म्हणतात. एस्टर लवकर उडून जाणारा असतो, म्हणून तो चटकन नाकाला कळतो. फळांचे, फुलांचे बरेचसे वास या एस्टरांचेच असतात.

गंमत अशी की आईबापांपेक्षा मूल अगदी वेगळे निघते. लोणी फार दिवस राहिले की खवट होते आणि त्याचा वास नको नको होतो. त्या खवटपणाला कारण असलेले एक आम्ल आहे, ब्युटिरिक आम्ल त्याचे नाव. तेच आम्ल साध्या मद्यार्काशी जुळले की अननसाचा वास येतो. व्हिनेगरमधले आम्ल दुसऱ्या एका जातीच्या मद्यार्काशी जुळले की केळ्याचा वास येतो. पिकत्या केळ्यात निसर्ग हेच एस्टर तयार करतो. जत्रेतल्या पिवळ्या गारेगारला आणि स्वस्त गोळ्यांना केळ्याचा वास येतो, तोही बहुधा कारखान्यात बनवलेल्या याच एस्टरचा. त्या गोळीने केळे कधी पाहिलेलेही नसते. "दिसते तसे नसते, म्हणून जग फसते," असे आपण डोळ्यांविषयी म्हणतो. नाकाचीही तीच गत आहे.

जमैकाचा कुजका खड्डा

एस्टर वाढवायचे तर आम्ल वाढवले पाहिजे. जमैकाच्या लोकांनी त्यासाठी काढलेली युक्ती शेणखताचा खड्डा भरणाऱ्या शेतकऱ्याला लगेच उमगेल. एक खेप गाळून झाली की भट्टीच्या तळाशी आंबट, काळे पाणी उरते. ते फेकून न देता पुढच्या खेपेत घालतात. विरजण लावायला कालचे दही जपून ठेवावे तसे. शिवाय काही ठिकाणी हे पाणी, उसाचा चोथा आणि गाळ असे खड्ड्यात टाकून कुजवतात. त्या खड्ड्याजवळ उभे राहवत नाही अशी दुर्गंधी असते. पण त्यातला अंश आंबत्या मळीत घातला की जंतू भराभर आम्ले तयार करतात. पुढे आठवडा-दोन आठवडे ते सावकाश आंबू देतात आणि मनोऱ्याच्या यंत्रात नव्हे, तर तांब्याच्या जुन्या घाटाच्या भट्टीत गाळतात, म्हणजे वास उडून जात नाही.

ट्रेलॉनी परगण्यातली हॅम्पडेन ही जागा अशा रमसाठी जगात प्रसिद्ध आहे. तिथला कारभार १७५३ पासूनचा सांगतात. रममध्ये एस्टर किती, ते मोजून तिच्या प्रती लावल्या जातात. शंभर लिटर शुद्ध मद्यार्कामागे किती ग्रॅम एस्टर, असे ते माप. सर्वांत वरच्या प्रतीत ते १५०० ते १६०० ग्रॅम असते आणि १६००च्या पुढे जाण्यास तिथे कायद्याने मनाई आहे. इतकी उग्र रम मुळात पिण्यासाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने रमवरची जकात वाढवली. तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला की थोडीशी उग्र रम आणून बिनवासाच्या स्थानिक मद्यार्कात मिसळावी, म्हणजे जकातही वाचते आणि वासही मिळतो. भाजीत हिंग टाकावा, तशी ही रम वापरली गेली. मिठाईच्या धंद्यातही ती गेली.

या उसाच्या मळ्यांची एक दुःखाची बाजूही आहे. आधी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी ते राबवले. गुलामगिरी संपल्यावर गोऱ्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे छत्तीस हजार भारतीय जमैकात उतरले. ते मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातले होते. पण त्याच करारपद्धतीने कोकणातली मराठी कुटुंबे मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण पाळतात. परदेशी बाटलीच्या झगमगीत चिठ्ठीमागे असा घाम सांडलेला आहे.

शेरीचे पिंप

नवी गाळलेली रम पाण्यासारखी पांढरी असते. एस्टर जास्त असलेली नवी रम तर नाकात शिरते. केळे आणि अननस असतात, पण त्यांच्या जोडीला रंगाच्या डब्यातल्या थिनरसारखा एक तिखट वासही असतो. हे उधळे खोंड गाडीला जुंपण्याआधी वेसण घालावी लागते. ती वेसण म्हणजे लाकडी पिंप.

स्पेन देशाच्या दक्षिणेला हेरेस नावाचे गाव आहे. तिथे द्राक्षांपासून शेरी नावाची मदिरा करतात. तिच्या एका गोड प्रकारासाठी द्राक्षे तोडून उन्हात चटयांवर वाळवतात. तासगाव-सांगलीकडे आपले शेतकरी बेदाणा सावलीत, शेडमध्ये वाळवतात, तिकडे भर उन्हात. त्या सुकलेल्या द्राक्षांचा रस काकवीसारखा दाट असतो. दुसऱ्या एका प्रकाराला मुरवताना मुद्दाम हवा लागू देतात, त्यामुळे तिला अक्रोडासारखा वास येतो. ही शेरी ओक झाडाच्या साधारण पाचशे लिटरच्या पिंपात ठेवतात आणि लाकूड ती आत शोषून घेते. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंडला जाई आणि रिकामी पिंपे दुसरे मद्यवाले स्वस्तात उचलत. १९८०च्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरली जाऊ लागली. तेव्हापासून अशी पिंपे मुद्दाम तयार करून, वर्ष-दोन वर्षे शेरीने मुरवून विकली जातात आणि साध्या पिंपापेक्षा पुष्कळ महाग पडतात.

लोणच्याच्या बरणीत पुढच्या वर्षी काहीही ठेवा, आधीच्या लोणच्याचा वास लागतोच. तसेच हे पिंप. त्यात रम ठेवली की लाकडातली शेरी तिच्यात उतरते. बेदाणा, खजूर, अक्रोड यांची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. लाकूड स्वतःचा तांबूस रंग देते, थोडा तुरटपणा देते आणि व्हॅनिलासारखा वासही देते. लाकडाच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि रमचा तिखटपणा हळूहळू मोडतो. तीन-चार वर्षांची कोवळी रम अशा पिंपातून काढली तर तिच्यात दोन्ही गोष्टी सापडतात. वर केळ्या-अननसाचा दंगा आणि खाली बेदाण्याची साय. शौकीन लोक याच्यासाठी पुष्कळ पैसे मोजतात.

ती महाग का, याचे आणखी एक कारण आहे. पिंपातले मद्य उडत राहते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला शंभरातले दोन भाग उडतात. गोवा-बंगळूरच्या हवेत हेच प्रमाण आठ ते बारा भागांपर्यंत जाते. हिशेब करा. पाचशे लिटरचे पिंप पाच वर्षे थंडीत ठेवले तर साडेचारशे लिटर उरतील. वर्षाला दहा टक्के घट धरली तर दोनशे पंच्याण्णव. दोनशे लिटरवर पाणी सोडायचे! मात्र उष्णतेने मुरणेही वेगाने होते, म्हणून आपल्यासारख्या देशात थोड्या वर्षांतच रंग चढतो.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या देशात विकली जाणारी बहुतेक रम मळीच्या बिनवासाच्या मद्यार्कापासून होते. काही रम ओकच्या पिंपांत मुरवतात, तर काहींना रंग आणि वास वरून देतात. १९४८ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने मात्र एक वेगळा प्रयोग केला. आपल्या गुळापासून गाळलेली रम आणि जमैका, बार्बाडोस, गयाना इथली रम यांचे मिश्रण तिने 'टू इंडीज' या नावाने काढले. गूळ हा आपल्या गुऱ्हाळाचा माल, हे ध्यानात घ्या.

वासाचे मोल जाणण्यात आपल्या शेजारचे गोवा पुढे आहे. काजूची बोंडे तुडवून त्यांचा रस आपोआप आंबू देतात आणि त्याची फेणी गाळतात. तिचाही वास उग्र, लांबून कळणारा. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. म्हणजे गोव्याबाहेरच्या कुणाला आपल्या मालाला ते नाव लावता येत नाही. यातला धडा दारूचा नाही, मालाच्या नावाचा आहे. गूळ असो, हळद असो की संत्री, वास आणि गाव मिळून मालाला नाव होते, आणि ते नाव कायद्याने राखता येते.

पण नाकावर विसंबू नका

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चांगला वास म्हणजे चांगला माल, हे गणित दारूच्या बाबतीत चुकते. जमैकाची ती बाटली तपासणीतून जाते, तिच्यातले एस्टर प्रयोगशाळेत मोजलेले असतात. चोरून आलेल्या बाटलीचे तसे नाही. जुन्या बाटलीत काहीही भरता येते आणि दोन-चार रुपयांच्या अर्काने केळ्याचा, बेदाण्याचा वास आणता येतो. हातभट्टीच्या सडव्यात मोह आणि गुळाबरोबर नवसागरासारखे पदार्थ टाकले जातात, हेही आपण ऐकतो.

सर्वांत घातक ते मिथेनॉल. हे कारखान्यांत वापरायचे मद्यार्क. नशा वाढावी, खर्च वाचावा म्हणून नीच माणसे ते दारूत मिसळतात. त्याचा वास साध्या मद्यार्कासारखाच असतो, चवीनेही कळत नाही. काडी ओढून ज्योतीचा रंग पाहण्याची जी युक्ती सांगतात, तिचाही भरवसा नाही. पोटात गेल्यावर त्याचे विष बनते आणि ते आधी डोळ्यांवर घाला घालते. दोन चमचे पोटात गेले तरी माणूस आंधळा होऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत, बोटाद भागात, चाळीसहून अधिक गेली. गुजरात हे दारूबंदीचे राज्य आहे, हे विसरू नका. जिथे बंदी आहे तिथे बाटली तपासणारा कुणी नसतो, म्हणून तिथल्या चोरट्या मालाचा धोका अधिक.

माय-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. मिथेनॉलचा त्रास लगेच होईलच असे नाही. कधी बारा तासांनी, कधी एक दिवसाने पोट दुखते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. "चढली आहे, झोपला की उतरेल," असे म्हणून थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि माणसाला मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांना लाज न धरता खरे सांगा, काय प्यायला, कधी प्यायला. उरलेली बाटली सोबत न्या. त्याच बाटलीतून जे जे प्यायले असतील त्यांनाही न्या, ते धडधाकट दिसत असले तरी. वेळेवर उपचार झाले तर जीव वाचतो आणि दृष्टीही वाचू शकते.

एकचक्रेचा गाडा

केळझरला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना तिथली कथा ठाऊक आहे. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असे परंपरा सांगते. तिथल्या बकासुराला गावकऱ्यांनी पाळीपाळीने गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा. एका घराची पाळी आली, घरात रडारड झाली आणि भीमाने तो गाडा स्वतः हाकत नेला.

आजच्या घरातला गाडा कसा जातो पाहा. रोजचे शंभर रुपये दारूवर गेले तर वर्षाचे छत्तीस हजार पाचशे होतात. अन्न जाते, मग जनावरे विकली जातात आणि शेवटी माणूस जातो. कथेतला क्रमच तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कुठलेही प्रमाण नाही. ते स्पेनच्या पिंपातल्या महाग रमलाही लागू आहे आणि नाल्याकाठच्या हातभट्टीलाही.

घरात कुणी या फेऱ्यात सापडले असेल तर त्याला शिव्या देऊन उपयोग होत नाही, हे अनुभवी लोक सांगतात. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आले आहे. १४४४६ या क्रमांकावर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाणी आहे, फोनला पैसे पडत नाहीत. बायकोने, आईने किंवा मुलानेही विचारले तरी सल्ला मिळतो.

तेव्हा मंडळी, कुणी बाटली पुढे करून "वास तर घे" म्हणाले, तर त्याला आंबट आणि मद्यार्काच्या मिलनाची ही गोष्ट सांगा. केळ्याचा वास हवा असेल तर घरात घड पिकत ठेवा. त्यातली चार केळी शेजारच्या पोरांना द्या.